जुन्या कौटुंबिक स्लाइड घरी स्कॅन करणे: बुरशी, लालसर झालेले रंग आणि स्कॅनरची निवड

गिरणाकाठ (जळगाव):

नमस्कार. माझे मोठे काका, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, भुसावळला रेल्वेत नोकरीस होते. साधारण १९६५ ते १९८५ या काळात त्यांनी ३५ मिलिमीटरच्या रंगीत स्लाइडवर (प्रकाश आरपार टाकून पाहायच्या पारदर्शक फिल्मवर) पुष्कळ छायाचित्रे टिपली: वाफेची इंजिने, सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडेबाजार, कानबाई देवीच्या रोटांना जमलेली सगळी भावकी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या आत्या. एकूण चारशेच्या आसपास स्लाइड असाव्यात. त्यांपैकी काही पुठ्ठ्याच्या चौकटीत आहेत, काही दोन काचांमध्ये बसवलेल्या आहेत. काचेच्या स्लाइडवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरले आहेत आणि पुठ्ठ्याच्या बऱ्याचशा लालसर झाल्या आहेत. घरच्या थ्री-इन-वन प्रिंटरवर ठेवून पाहिल्या, तर केवळ काळा चौकोन येतो. एका दुकानातून नमुन्यादाखल करून घेतलेल्या स्कॅनमध्ये चेहरे काळवंडले आहेत, त्यामुळे संपूर्ण संच बाहेर देण्यास मन धजत नाही. कोणता स्कॅनर घ्यावा, किती डीपीआय (दर इंचाला किती ठिपके) ठेवावे आणि बुरशी कशी काढावी, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पांझरा (धुळे):

ताई, प्रथम प्रिंटरविषयी. साधा स्कॅनर खालून प्रकाश टाकून कागदावरून परतलेला प्रकाश वाचतो, तर स्लाइडमधून प्रकाश आरपार जावा लागतो. म्हणून झाकणात स्वतंत्र दिवा असलेला फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर, किंवा केवळ फिल्मसाठीच बनवलेला स्कॅनर, हे दोनच पर्याय उरतात. एप्सन पर्फेक्शन व्ही६०० हा पहिल्या प्रकारातला असून त्याच्या साच्यात चार स्लाइड एकदम बसतात. प्लस्टेक ऑप्टिकफिल्म ८२००आय हा दुसऱ्या प्रकारातला, त्यात स्लाइड एकेक करून सरकवावी लागते. खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर मात्र जाऊ नका. व्ही६०० वर ६४०० डीपीआय लिहिलेले असते, पण प्रत्यक्षात मिळणारा तपशील त्याच्या चौथाईच्या आसपास असतो; ८२००आय वर ७२०० लिहिलेले असते आणि हाती ३२०० च्या थोडे वर लागते. त्यामुळे फ्लॅटबेडवर २४०० आणि फिल्म स्कॅनरवर ३६०० डीपीआयच्या पुढे जाऊन केवळ फाइल फुगते आणि वेळ जातो.

लालसर स्लाइडसाठी डीपीआयपेक्षा बिट, म्हणजे प्रत्येक ठिपक्याची रंगछटा किती बारकाईने नोंदली जाते, अधिक महत्त्वाचे आहेत. अंधारात ठेवलेल्या जुन्या फिल्ममध्ये बहुधा निळसर हिरवा, म्हणजे सायन रंग आधी विरतो आणि लाल शिल्लक राहतो. तो विरलेला रंग संगणकावर ताणून वर आणायचा असेल, तर स्कॅन ४८ बिटचा आणि तपशील न गाळता साठवणाऱ्या टिफ स्वरूपातच हवा, कारण जेपेगमध्ये ताणलेल्या आकाशावर पट्टे उमटतात. २४०० डीपीआयला अशी एक फाइल साधारण ४६ एमबीची होते, म्हणजे तुमचा सगळा संच वीस जीबीच्या आत मावेल. रंग सुधारलेली प्रत वेगळी ठेवा. मूळ टिफला हात लावू नका.

बुरशीबाबत माझे स्पष्ट म्हणणे आहे की पाण्याचा थेंबही लावू नये. बुरशी फिल्मवरच्या जिलेटिनवर वाढते आणि तिने पोखरलेले जिलेटिन पाण्यात विरघळू लागते, म्हणून ओला कपडा फिरवला की तंतूंबरोबर चेहराही पुसला जातो. आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवावी. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा अगदी थोडा अंश मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन, आधी एखाद्या बिनमहत्त्वाच्या स्लाइडवर, हलक्या हाताने फिरवून पाहावे. औषधाच्या दुकानातील ७० टक्क्यांचे घेऊ नका, कारण उरलेला भाग पाण्याचाच असतो. जिथे बुरशीने जिलेटिन खाल्ले आहे, तिथले चित्र मात्र परत येत नाही.

सातपुडा (चोपडा):

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. या दोन्ही स्कॅनरमध्ये अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांनी धूळ ओळखून ती आपोआप पुसण्याची सोय आहे आणि ती फार उपयोगी पडते. परंतु चौकटीवर कोडाक्रोम असे फिल्मचे नाव छापलेले असेल, तर ती बंद ठेवावी. त्या फिल्मचे रंग अवरक्त किरण काही अंशी अडवतात, त्यामुळे स्कॅनर गडद भागांनाच धूळ समजतो आणि केसांच्या कडा, डोळे, साडीचे काठ पुसट करतो. कोडाक्रोमचे उत्पादन १९३५ मध्ये सुरू झाले आणि २००९ मध्ये थांबले. अंधारात ती इतर फिल्मपेक्षा चांगली टिकते, म्हणून तुमच्या संचात रंग ताजे राहिलेल्या स्लाइड दिसल्या, तर त्या तशा असण्याचा संभव आहे. प्रकारानुसार गठ्ठे आधीच वेगळे करा.

तापीकिनारा (भुसावळ):

घरात अदलाबदलीच्या लेन्सचा डिजिटल कॅमेरा असेल, तर स्कॅनर घेण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. एकास एक प्रमाणाची (अगदी जवळून मूळ आकारात चित्र टिपणारी) मॅक्रो लेन्स, रंग खरे दाखवणारे एलईडी पॅनेल आणि स्थिर स्टँड एवढ्यावर एकेका स्लाइडचे काम काही सेकंदांत होते, तेच फ्लॅटबेडवर काही मिनिटे घेते. कॅमेरा स्लाइडला अचूक समांतर असणे हा खरा कस आहे. त्यासाठी स्लाइडच्या जागी छोटा आरसा ठेवावा आणि त्यात लेन्सचे प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसेपर्यंत स्टँड हलवावा. मात्र अवरक्त किरणांची सोय इथे नाही, त्यामुळे बुरशीचे डाग हातानेच काढावे लागतील.

गिरणाकाठ (जळगाव):

सर्वांचे मनापासून आभार. कॅमेरा नाही, म्हणून फ्लॅटबेडच घ्यावा असे ठरते आहे. दोन शंका उरल्या आहेत. काचेच्या स्लाइड उघडाव्यात का? आणि स्लाइडची सुलटी बाजू कशी ओळखावी? अण्णांची नजर आता अधू झाली आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी त्यांना विचारणे जमत नाही.

पांझरा (धुळे):

काचेच्या स्लाइड अवश्य उघडाव्यात. दोन काचांमध्ये ओल अडकून राहते, बुरशीला तेच हवे असते. शिवाय फिल्म काचेला टेकली की स्कॅनमध्ये रंगीत वलये उमटतात. फिल्म नव्या प्लॅस्टिक चौकटीत बसवा. हे काम पावसाळ्यात करू नका आणि आपल्याकडचा चैत्र-वैशाख निवडलात, तर वाळ्याचा कूलर त्या खोलीत चालू ठेवू नका, कारण कूलरची दमट हवा थेट उघड्या फिल्मवर येते.

सुलट बाजूसाठी स्लाइड दिव्याखाली तिरपी धरा. एक बाजू चकचकीत दिसते आणि दुसरी मंद, किंचित उठावाची. चकचकीत बाजूने पाहिल्यावर चित्र सुलट दिसते. खात्री चित्रातल्या खुणांवरून करावी: स्थानकाची पाटी वाचता येते का, सदऱ्याचा खिसा डाव्या छातीवर आहे का. पदरावरून मात्र ठरवू नका, कारण नंदुरबारकडे गुजराती पद्धतीचा उजव्या खांद्यावरचा पदरही दिसतो. उलट स्कॅन झाली तरी संगणकावर आरशातल्यासारखी डावी-उजवी उलटवता येते.

अण्णांसाठी स्कॅन पूर्ण होण्याची वाट पाहू नका. आजच एलईडी पॅनेलवर स्लाइड ठेवून मोबाइलवर कामचलाऊ फोटो घ्या, प्रत्येक चौकटीवर पेन्सिलीने क्रमांक घाला आणि टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर दाखवत त्यांच्याकडून नावे, गावे लिहून घ्या. पुठ्ठ्यावर छापलेला महिना आणि वर्ष फिल्म धुतल्याचे असते, फोटो काढल्याचे नव्हे, तेव्हा त्याचीही त्यांच्याकडून खातरजमा करा. तोच क्रमांक पुढे टिफ फाइलच्या नावात आधी घाला.