फ्लोटप्लेनवर पहिली नोकरी: तास कमी, पैसे त्याहून कमी

पाणपाखरू
कॅनडाचं सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना) आहे, उड्डाणाचे एकूण तास २०० च्या जरा वर. सीप्लेन रेटिंगही (पाण्यावर उतरणारं विमान उडवायची मान्यता) झालंय, पण सात तासांचं, म्हणजे कागदापुरतंच. तिथे काम करायची परवानगी आहे. उरलेल्या पैशांत फ्लोटवर (चाकांऐवजी पाण्यावर तरंगणारे पोकळ सांगाडे लावलेल्या विमानावर) फार तर दहा तास बसतील. ५० तासांचा कोर्स परवडणार नाही, हे आधीच सांगतो. फेब्रुवारी चालू आहे आणि ईमेलला कोणी उत्तर देत नाही. तळ्यांवरचा बर्फ फुटायच्या आत काय करावं?

उत्तरायण
५० तासांचा कोर्स करा. सात तासांवर इन्शुरन्सवाले उभं करत नाहीत. मी केला आणि त्याच उन्हाळ्यात सेस्ना १८५ विमान उडवायला मिळालं. कर्ज काढा.

बीव्हरवेडा
+१. आणि करायचाच तर बीव्हर विमानावर करा. १९४७ मध्ये पहिल्यांदा उडालं, १९६७ मध्ये उत्पादन थांबलं, तरी अजून लोकांचं पोट भरतंय. सेस्ना १७२ सारख्या छोट्या विमानाच्या तासांना कोण विचारतो?

तिरपा_वारा
कोर्स परवडत नाही असं लिहिलंय त्यांनी. वाचलंत का?

बीव्हरवेडा
वाचलं. हौसेला मोल नसतं.

काठावरचा
ईमेल सोडा. उत्तर ऑन्टॅरिओत केनोरा, रेड लेक, सू लुकआउट या बाजूला गाडी घेऊन जा आणि चीफ पायलटला समोर भेटा. बर्फ फुटल्यावर जाऊ नका. तोवर माणसं ठरलेली असतात.

उडवायला मिळेल असं धरून जाऊ नका, डॉकवर काम मागा. बीव्हर किंवा १८५ वर पायलट एकच. नवख्याला शेजारी बसून शिकायची सोय नाही, म्हणून तुम्ही कसे आहात ते डॉकवरच पाहतात. इंधन, सामान, दोर, आणि रोज सकाळी फ्लोट उपसणं. फ्लोटच्या आत वेगवेगळे बंद कप्पे असतात. प्रत्येकाच्या भोकातला रबरी चेंडू काढायचा, हातपंप लावायचा आणि किती दट्टे मारल्यावर पाणी संपलं ते लक्षात ठेवायचं. काल चार लागले आणि आज वीस, तर तिथे गळती आहे. पायलटने विचारायच्या आत हे सांगणारा पोरगा त्यांच्या डोक्यात राहतो.

आणि विमान डॉकला लागताना धावू नका. त्याला ब्रेक नसतो. स्ट्रट (पंखाखालचा आधाराचा दांडा) किंवा शेपटीचा दोर धरा. पुढचा पंखा (प्रोपेलर) थांबेपर्यंत पुढे पाऊल टाकू नका.

उत्तरायण
म्हणजे ५० तासांचा कोर्सच बरा.

गाळात_रुतलेला
डॉकचं मला सांगू नका. 'ऑगस्टमध्ये उडवायला देऊ' म्हणाले होते. ऑगस्टमध्ये मालकाचा भाचा आला. मी ऑक्टोबरपर्यंत पिंपं लोटत होतो. लेखी घ्या.

काठावरचा
लेखी कोणी देत नाही. त्यापेक्षा मागच्या दोन वर्षांत डॉकवरचे कोण कोण उडायला लागले ते विचारा आणि त्यांनाच फोन करा.

नीलमासा
मालदीवला जा! तिथल्या ट्विन ऑटर विमानावर दोन पायलट लागतात, म्हणजे को-पायलटची जागा असते. अनवाणी उडवतात, थंडी नाही, मच्छर नाहीत.

तिरपा_वारा
तिथे स्थानिकांची रांग नसते काय? मच्छर असतात, तो भाग वेगळा.

माझं मत: दहा तासांतले एक-दोन आरशासारख्या शांत पाण्यावर उतरण्यात घाला. पृष्ठभाग कुठे आहे हे डोळ्यांना कळतच नाही, म्हणून पॉवर ठेवून, सावकाश ठरलेल्या गतीने, पाणी लागेपर्यंत खाली जायचं. कंपनीच्या चेक-राइडला (चाचणी उड्डाणाला) हे पाहतातच. दुसरं, उलट्या विमानातून पाण्याखाली बाहेर पडण्याचं प्रशिक्षण घ्या. कोर्सपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि व्यावसायिक सीप्लेन पायलटला ते आता सक्तीचं आहे. लाइफ जॅकेट केबिनमध्ये फुगवायचं नाही हेही तिथे अंगात मुरतं. फुगवलं की छताला चिकटता.

बीव्हरवेडा
अँफिबियन (फ्लोटला चाकंही असलेलं, पाण्यावर आणि जमिनीवर उतरणारं) घेतलं की निम्मे प्रश्न सुटतात.

तिरपा_वारा
चाकं खाली ठेवून पाण्यात उतरलं की विमान पालथं होतं, ते सुटलेल्या निम्म्यात येतं का?

बीव्हरवेडा
चेकलिस्ट वाचता येत नसेल त्याने उडूच नये.

नीलमासा
वाचनखूण साठवली. पण मालदीव बघाच.

पाणपाखरू
सगळ्यांचे आभार. दोन ठिकाणी फोन केला. एकाने '५० तास झाले की बोलू' म्हणून ठेवला, दुसऱ्याकडे डॉकची जागा भरली होती. मी पॅराशूटवाल्यांकडे सेस्ना १८२ वर जातोय, चाकांवरच. पाण्याखालचं प्रशिक्षण मात्र याच महिन्यात करतोय. फ्लोटचे दहा तास पुढच्या वसंतात, तेव्हा एकूण आकडा तरी जरा बरा असेल.

उत्तरायण
वर्ष फुकट. चाकांचे तास फ्लोटवाले मोजत नाहीत.

काठावरचा
मोजतात, कमी मोजतात. सप्टेंबरमध्ये दोन दिवस काढून वर या. हंगाम संपत आला की चीफ पायलटना बोलायला वेळ असतो.

बीव्हरवेडा
१८२ पेक्षा १८५ बरं.