सुपरकॉम्प्युटरवर इंटेल कंपायलरचे मॉड्युल लोड केले तरी 'जीएनयू फोरट्रान मॉड्युल फाइल नाही' अशी एरर. कोंडातून (तयार पॅकेजं टाकायचं साधन) टाकू काय?

उनाड_वारा:
नमस्कार मंडळी. नागपुरातून पीएचडी करून राहिलो. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या चिमण्यांचा धूर उन्हाळ्यात शहराकडे किती येतो, हा विषय. मॉडेल आमच्या ग्रुपचंच, पण वेगवेगळ्या सिनियरांनी भर घालत नेलेलं. गाभा फोरट्रानचा, ग्रिड वाचायचा भाग सी-प्लस-प्लसचा, वरून पायथनच्या स्क्रिप्ट. लॅबच्या लिनक्सवर निमूट चालतं. सुपरकॉम्प्युटरवर मेक (बिल्डची कमांड) दिलं की पहिल्याच फायलीत मरतं: 'नेटसीडीएफ.मॉड इज नॉट अ जीएनयू फोरट्रान मॉड्युल फाइल'. आता मी कंपायलर इंटेलचा घेतला, एमपीआय (अनेक प्रोसेसरांवर काम वाटणारी लायब्ररी) इंटेलचं, नेटसीडीएफही (ग्रिडचा डेटा वाचायची-लिहायची लायब्ररी) इंटेलनं बांधलेलं. मग जीएनयू (दुसरा, मोफत कंपायलर संच) आलं कुठून? मेकफाइलमध्ये एफसी (फोरट्रान कंपायलर) म्हणजे एमपीआयएफ९० आहे. लॅबमधला मित्र म्हणतो, कोंडातून सगळं टाक अन् मोकळा हो. टाकू काय?

रात्रपाळी_रूट:
थांब भाऊ, कोंडाला हात लावू नको. ही एरर दिली कोणी ते आधी बघ. अशी भाषा जीफोरट्रानच (जीएनयूचा फोरट्रान कंपायलर) करतो. म्हणजे तुझ्याकडे इंटेल लोड आहे, पण काम जीफोरट्रान करून राहिला. इंटेल एमपीआयमधलं एमपीआयएफ९० हे नाव फसवं आहे, ते मुळात जीफोरट्रानलाच हाक मारतं. इंटेलचा जुना कंपायलर आयफोर्ट हवा असेल तर एमपीआयआयफोर्ट, मधे दोन आय; नव्या आयएफएक्सला एमपीआयआयएफएक्स. खात्री करायची तर 'एमपीआयएफ९० -शो' टाइप कर, आतून कोणाला बोलावतं ते छापून येईल.

मॉड फाइल (फोरट्रान मॉड्युल कंपाइल झालं की बनणारी) ज्या कंपायलरची, त्यालाच वाचता येते. सीच्या लायब्रऱ्या जीसीसीनं (जीएनयूच्या सी कंपायलरनं) बांधलेल्या असल्या तरी बहुतेक वेळा खपून जातात, फोरट्रानचं तसं नसतं. म्हणून नेटसीडीएफ-सी अन् नेटसीडीएफ-फोरट्रान ही दोन वेगळी पॅकेजं आहेत हे ध्यानात ठेव. 'एनएफ-कॉन्फिग --एफसी' दिलं की फोरट्रानवालं कोणत्या कंपायलरनं बांधलंय ते सांगतं.

तर्री_पोहे:
रूटभाऊंचं बरोबर, पण कोंडाला इतकं वाळीत टाकायची गरज नाही. पायथनसाठी ठेवा, बिल्डच्या वेळी बंद ठेवा. बेस एन्व्हायर्नमेंट चालू असलं की त्यातलं एनसी-कॉन्फिग (नेटसीडीएफ कुठे आहे ते सांगणारी कमांड) पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या यादीत, पुढे येऊन बसतं, अन् दिवसभर आपण भलतीकडेच शोधत राहतो. मी असतो तर स्पॅकनं (पॅकेजं सोर्सपासून बांधणारं साधन) पूर्ण साखळी एकाच कंपायलरनं बांधली असती. वेळ जातो, पण पुढच्या ज्युनियरला फुकट मिळते.

रात्रपाळी_रूट:
स्पॅक चांगलंच आहे, पण होम डिरेक्टरीचा कोटा पाहून. ॲडमिननं एमपीआय तिथल्या नेटवर्कला जुळवून बांधलेलं असतं, ते स्पॅकला बाहेरचं म्हणून दाखवा. नाहीतर तो स्वतःचं बांधतो अन् दोन नोडवर (सुपरकॉम्प्युटरमधल्या दोन मशीनवर) गेलं की रडारड.

उनाड_वारा:
एमपीआयआयफोर्ट लावलं, मॉड्युल पर्ज करून (आधी लोड केलेलं काढून) सगळं पुन्हा लोड केलं. कंपाइल झालं! आता लिंकिंगला (कंपाइल झालेले तुकडे जोडताना) 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू ग्रिड_रीड_'. फंक्शन तर फायलीत डोळ्यांसमोर दिसते.

तर्री_पोहे:
तुला दिसते, लिंकरला नाही. ऑब्जेक्ट फायलीवर एनएम (आतली नावं दाखवणारी कमांड) चालव. फोरट्रानच्या बाजूला नाव शेवटी अंडरस्कोर लावून असेल, अन् सी-प्लस-प्लसच्या बाजूला '_झेड९ग्रिड_रीड' असं काहीतरी विचित्र. सी-प्लस-प्लस नावाला आर्ग्युमेंटांचे प्रकार चिकटवतं, ९ म्हणजे नावातली अक्षरं. फंक्शनच्या आधी 'एक्स्टर्न सी' लिही, फोरट्रानमध्ये इंटरफेस लिहून 'बाइंड सी' दे. २००३ च्या फोरट्रानपासून ही सोय आहे. हातानं अंडरस्कोर चिकटवू नको, कंपायलर बदलला की पुन्हा बोंब. अन् लिंक फोरट्रानकडून करत असशील तर एलएसटीडीसी-प्लस-प्लस (सी-प्लस-प्लसची लायब्ररी) जोडायला विसरू नको.

रात्रपाळी_रूट:
झालं की तयार फायलीवर एलडीडी (लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी देणारी कमांड) चालव, पण आपण लॉगिन करतो त्या लॉगिन नोडवर नाही, जॉब टाकून प्रत्यक्ष गणित करणाऱ्या कंप्युट नोडवर. तिथले पाथ वेगळे असू शकतात. यादीत लिबजीफोरट्रान दिसलं तर कुठली तरी लायब्ररी अजून जीएनयूची आहे. या दोन्ही नोडचे प्रोसेसर वेगळे असले तर 'एक्सहोस्ट' फ्लॅगही (बिल्ड करतो त्याच मशीनच्या प्रोसेसरसाठी कोड बनवणारा) काढ, नाहीतर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून जॉब पडेल.

उनाड_वारा:
दोन नोडवर टेस्ट रन पार पडला. आउटपुट लॅबच्या मशीनशी ताडून पाहतो, शेवटच्या दशांशात फरक दिसून राहिला. आता फक्त एफटूपायचा (फोरट्रान पायथनला जोडायचं साधन) भाग अडला, डिस्टयुटिल्स (पायथनचं जुनं बिल्ड पॅकेज) सापडत नाही म्हणते.

तर्री_पोहे:
कंपायलर बदलला की शेवटच्या दशांशात इतकं चालतंच. 'एफपी-मॉडेल प्रिसाइज' (दशांशांचं गणित काटेकोर करणारा फ्लॅग) लावून एकदा बघ, फरक वाढत गेला तरच डोकं खपव. पायथन ३.१२ दिसते तुझं. त्यात नमपायचं (पायथनची गणिताची लायब्ररी) डिस्टयुटिल्स नाही, एफटूपाय मेसन या बिल्ड साधनावर चालतं. मेसन अन् त्याच्या जोडीचं निंजा टाक, किंवा ३.११ चं एन्व्हायर्नमेंट कर. अन् एफसी एक्स्पोर्ट कर बाबा, नाहीतर तिथेही जीफोरट्रानच येऊन बसेल.