लांबच्या मोटारसायकल सफरीसाठी कागदी नकाशा की जीपीएस? सल्ला हवा आहे

मुक्काम_पुढचा

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही तिघं तीन मोटारसायकलींवर नऊ दिवसांच्या सफरीला निघतोय. डोंगराळ मुलूख, रोज साधारण २५० किमी, आणि हमरस्ते होता होईल तो टाळायचे असं ठरलंय. आजवरच्या सफरी दोन-दोन दिवसांच्या आणि सगळ्या फोनच्या भरवशावर. मागच्या खेपेला भर दुपारी घाटात फोन तापून बंद पडला. हँडलवर उन्हात होता आणि वर चार्जिंगला लावलेला. बाकी दोघांचे फोन खिशात होते, पण तिथे रेंज नव्हती आणि नकाशे उतरवून घेतलेले नव्हते. अर्धा तास रस्त्याच्या कडेला उभे होतो. मागे कुठलं गाव गेलं, पुढे कुठलं येईल, उत्तर कुठल्या बाजूला, यातलं एकही आम्हा तिघांना सांगता येईना. सकाळपासून ११० किमी आलो होतो आणि लक्षात राहिला होता फक्त पडद्यावरचा निळा बाण. हे मनाला फार लागलं.

कागदी नकाशा घ्यावा का? घेतला तर कुठल्या प्रमाणाचा? की मोटारसायकलसाठीचं वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं? स्वानुभव असेल तर जरूर लिहा.

घडीचा_नकाशा

घ्याच. फोन बंद पडायची भीती क्षणभर बाजूला ठेवा, नकाशा लागतो तो रस्ता निवडायला. फोनच्या पडद्यावर आख्खा दिवस बसवला की बारके रस्ते गायब होतात, आणि बारके रस्ते दिसतील इतकं मोठं केलं की दिवस दिसेनासा होतो. जमिनीवर पसरलेल्या कागदावर दोन्ही एकदम दिसतात. नदी कुठे वळते, खिंड कुठे आहे, हमरस्ता सोडून कुठली बारीक रेघ पलीकडच्या खोऱ्यात उतरते. तुम्हाला हमरस्ते टाळायचेत ना, मग ती रेघ आधी डोळ्यांना दिसायला हवी.

प्रमाणाचं सांगतो. १:२,००,००० म्हणजे १ सेंटिमीटरला २ किमी. तुमचा २५० किमीचा दिवस त्यावर सव्वा मीटर भरतो, वळणावळणाचा असल्यामुळे एका कागदावर सहज मावतो. गाडीवर हेच प्रमाण उत्तम, १:२,५०,००० पण चालेल. १:५०,००० च्या मोहात पडू नका. सुंदर असतात, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) वाचता येतात, पण एका दिवसाला ५ मीटर कागद लागेल. ते पायी चालणाऱ्यांचे नकाशे. नऊ दिवसांचा एकूण अंदाज यायला सोबत १:१०,००,००० चा एक असू द्या.

आता मी काय करतो ते. आदल्या रात्री उद्याचा रस्ता नकाशावर बोटाने फिरवतो, दोनदा. मग एका चिठ्ठीवर फक्त वळणाच्या जागा लिहितो, ट्रिप मीटरच्या (शून्य करता येणाऱ्या अंतराच्या काट्याच्या) आकड्यासकट. "३८ पूल, लगेच डावा फाटा. ६१ गाव, देवळापाशी उजवीकडे. ९४ खिंड." अक्षरं अंगठ्याएवढी, जाड पेनाने, एका चिठ्ठीवर सातच्या वर ओळी नाहीत. ही चिठ्ठी टँक बॅगच्या, म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर बसणाऱ्या पिशवीच्या, पारदर्शक खिशात. डाकार रॅलीतले स्पर्धक वर्षानुवर्षं कागदाच्या गुंडाळीवरचं रोडबुक वाचत असत, ते याच तत्त्वावर: अंतर, वळणाचं छोटं चित्र, धोक्याची खूण. लिहिताना निम्मा रस्ता पाठ होतो, हा मोठा फायदा.

चार_उपग्रह

वरचा प्रतिसाद आवडला, पण कागदावर सगळा भार टाकू नका. अंधार पडला, पाऊस लागला, अनोळखी शहरात एकेरी रस्त्यांच्या जाळ्यात सापडलात, की चिठ्ठी कामाची नाही. आणि कुणी पडलं, मदत बोलवायची वेळ आली, तर अक्षांश-रेखांश नेमके सांगता येणं याला तोड नाही.

मुळात एक गैरसमज दूर करतो. जीपीएसला रेंज लागत नाही. सुमारे २०,२०० किमी उंचीवरच्या निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की फोन आपली जागा काढतो. रेंज लागते ती नकाशाचं चित्र आणायला. तुमचे ते दोन फोन घाटात अगदी व्यवस्थित सांगू शकले असते, फक्त नकाशा आधी उतरवून ठेवायला हवा होता. ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स घ्या, दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात आणि आख्खा प्रदेश फोनात साठवता येतो. निघण्याआधी घरी फोन विमान मोडवर टाकून एकदा चालवून बघाच.

मे २००० पर्यंत नागरी वापराच्या संकेतात अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे, जागा १०० मीटरपर्यंत हुकायची. ते बंद झालं. आज मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो. अरुंद दरीत मात्र संकेत कड्यांवर आपटून येतात आणि बाण शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. तिथे डोळ्यांवर विश्वास ठेवा.

तिघं आहात म्हणून हे खास: एकमेकांना 'रूट' पाठवू नका, 'ट्रॅक' पाठवा. दोन्ही जीपीएक्स फाइलमध्ये असतात. रूट म्हणजे मोजके बिंदू, त्यांच्या मधला रस्ता प्रत्येक यंत्र आपल्या हिशेबाने काढतं. ट्रॅक म्हणजे पूर्ण रेघ, ती बदलत नाही. आम्ही चौघं एकदा रूटवर निघालो. एका फाट्यावर दोघांच्या यंत्रांनी डावीकडे नेलं, दोघांच्या उजवीकडे. शेवटचा गडी मागे नाही हे मला आरशात दिसलं तेव्हा आम्ही १५ किमी पुढे होतो. परत गाठ पडायला संध्याकाळ झाली आणि तोवर सगळ्यांचा जीव टांगणीला. तेव्हापासून फक्त ट्रॅक, आणि फाट्यावर मागचा दिसेपर्यंत पुढच्याने थांबायचं.

सायलेन्सर

फोनच लावणार असाल तर हल्ली वापरात नसलेला जुना फोन लावा. इंजिनाची थरथर कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणाच्या यंत्रणेला मारक ठरू शकते. तसा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला होता. आणि आयफोनला चालणारी हवा त्यांच्याच म्हणण्यानुसार ० ते ३५ अंश. भर उन्हात हँडलवर त्याहून कितीतरी जास्त होतं, त्यात चार्जिंगची उष्णता. तुमचं तेच झालं.

एकटी_दुचाकी

मी एकटीच फिरते, त्यामुळे दोन्ही बाळगते. पण नकाशा कुठे ठेवायचा हे कुणीच लिहिलं नाही, म्हणून माझा अनुभव लिहिते.

संध्याकाळची वेळ, पाऊस नुकताच थांबलेला. मुक्काम २२ किमीवर. यंत्राने एका फाट्यावर आत वळायला सांगितलं, ९ किमी वाचणार होते. सेटिंग 'कमीत कमी अंतर' असं राहून गेलं होतं. आत शिरले. आधी डांबर, मग खडी, मग उतार असा की पुढचा ब्रेक हलका दाबला तरी चाक सरकत होतं. सामान लादलेली गाडी, परत वळवायला जागा नाही. पहिल्या गिअरवर, दोन्ही पाय जमिनीला घासत ४ किमी उतरले. तिसऱ्या वळणावर गाडी उजवीकडे आडवी झाली. मला लागलं नाही, पण उचलायला पाऊण तास गेला, सगळं सामान उतरवावं लागलं.

सामान उतरवताना पेटीच्या तळाशी माझा नकाशा निघाला. त्यावर त्या रस्त्याला उताराचे तीन बाण होते. मिशलिनच्या नकाशांवर तीन बाण म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त चढ-उतार. फाट्यावर दोन मिनिटं थांबून बघितला असता तर मी वळलेच नसते.

म्हणून नकाशा हाताशी हवा, टँक बॅगमध्ये, आजचा भाग वर येईल अशी घडी घालून. घड्यांच्या रेघांवर मागून पारदर्शक चिकटपट्टी लावा, कागद आधी तिथेच फाटतो. वाचायचा तो गाडी थांबवून, साइड स्टँडवर लावून. आणि सूचीतल्या खुणा घरी शिका. त्याच नकाशांवर देखण्या रस्त्यांना हिरवी कड असते. तुमच्या नकाशाच्या खुणा कदाचित वेगळ्या असतील, पण काहीतरी असतंच.

मुक्काम_पुढचा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, वाचताना अंगावर काटा आला. माझ्या फोनवरचं 'कमीत कमी अंतर' आजच बघितलं, तसंच होतं. बदललं.

वेगळं यंत्र घ्यावं का, यावर कुणी सांगेल का?

चार_उपग्रह

वर्षातून एखादीच सफर असेल तर नको, जुना फोन पुरे. गाडीवरचा वेळ जास्त असेल तर मात्र फरक कळतो. उन्हात पडदा दिसतो, ग्लोव्हज घालून दाबता येतो. फोनच्या पडद्यावर पावसाचे थेंब पडले की तो त्यांनाच बोट समजतो आणि नकाशा आपोआप भलतीकडे सरकतो. गार्मिनच्या झूमोत आणि टॉमटॉमच्या रायडरमध्ये वळणावळणाचे रस्ते मुद्दाम शोधायची सोयही आहे.

मुक्काम_पुढचा

मग यंदा जुना फोन, १:२,००,००० चा नकाशा आणि चिठ्ठी. काल रात्री पहिल्या दिवसाची चिठ्ठी लिहून बघितली. नकाशावर बोट फिरवताना एक खिंड दिसली, तिच्याकडे फोनने कधीच नेलं नसतं. आता तिसऱ्या दिवशी तिकडूनच जायचं ठरलंय.

घडीचा_नकाशा, एकच शंका. सकाळी ट्रिप मीटर शून्य करायला विसरलो तर पुढचे सगळे आकडे चुकतील ना?

घडीचा_नकाशा

नाही चुकणार. चिठ्ठीवर मधलं एक ठळक गाव लिहून ठेवा, समजा ६१ वर. तिथे पोचलात की मीटरवरच्या आकड्यातून ६१ वजा करा. जो फरक येईल तो पेनाने चिठ्ठीच्या डोक्यावर लिहा आणि पुढच्या प्रत्येक ओळीत मिळवा. तुमच्या गाडीला 'ट्रिप बी', म्हणजे दुसरा ट्रिप मीटर, असेल तर ते फक्त पेट्रोलसाठी ठेवा, टाकी भरली की शून्य.