ऋतू ओळखायचा तो दिवसाच्या लांबीवरून

थंडी पडली की प्राण्या-झाडांना ऋतू बदलल्याचं कळतं, असं अनेकांना वाटतं. थंडीचा हातभार असतो, पण ती बेभरवशाची; एखाद्या वर्षी लवकर येते, एखाद्या वर्षी दडीच मारते. दिवसाची लांबी मात्र त्या ठिकाणी त्या तारखेला दरवर्षी तेवढीच. म्हणून बहुतेकांचं पंचांग तिच्यावर चालतं.

१९२० मध्ये गार्नर आणि ॲलार्ड यांनी अमेरिकेत तंबाखूच्या 'मेरीलँड मॅमथ' वाणावर हे दाखवलं. उन्हाळ्यात तो नुसताच उंच वाढत सुटायचा, फुलायचं नाव नाही. रोज दुपारीच कुंड्या अंधारात नेऊन दिवस लहान केला, तर भर उन्हाळ्यात फुलं आली! आणि खरी गंमत पुढेच आहे: झाड मोजतं ती रात्र. लांब रात्री मिळाल्या की फुलणाऱ्या गोखरूला (झँथियम या तणाला) रात्रीत मध्येच काही मिनिटं दिवा लावला, तरी फुलणं रद्द. शेवंतीचे उत्पादक रात्री दिवे लावून फुलणं लांबणीवर टाकतात, ती हीच युक्ती.

सस्तन प्राण्यांत हे काम मेलाटोनिन या संप्रेरकाचं (हॉर्मोनचं). रात्र जितकी लांब, तितका वेळ ते जास्त पाझरतं. युरोपातली लाल हरणं न्यूझीलंडला, म्हणजे ऋतू उलटे असलेल्या दक्षिण गोलार्धात, नेली, तर त्यांचा विणीचा हंगाम सहा महिन्यांनी सरकला.

आता पंचाईत झालीय उत्तर अमेरिकेतल्या स्नोशू सशाची. बर्फाचे दिवस कमी होताहेत, पण हा तपकिरी ससा हिवाळ्यासाठी केस बदलून पांढरा होतो तो दिवसाच्या लांबीवरून, ठरल्या वेळीच. तपकिरी जमिनीवर असे ससे शिकारी प्राण्यांना चटकन सापडतात.