स्पार्कलिंगचं (फेसाळ वाइनचं) दुसरं आंबवणं २ बारवर (दाबाचं एकक) अडकलंय, बाटल्या उघडाव्यात का?

मंडळी, मदत हवी आहे. दिंडोरीकडची घरची लहान वायनरी, द्राक्षं प्रमाणित सेंद्रिय. शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षाच्या ६०० बाटल्या (७५० मिली) पारंपरिक पद्धतीने, म्हणजे दुसरं आंबवणं बाटलीतच करायचं म्हणून, भरल्या. बेस वाइन (फेस येण्याआधीची साधी वाइन): अल्कोहोल १२.२%, पीएच ३.०५, फ्री सल्फर (मोकळा सल्फर डायऑक्साइड) २८ मिग्रॅ/लिटर. भरताना घातलेली साखर २४ ग्रॅम/लिटर. ईसी-१११८ यीस्ट कोमट पाण्यात भिजवून थेट टाकलं. खोली १२ अंश. सात आठवडे झाले, दाब २ बार, गेले तीन आठवडे काटा हललेला नाही. एक बाटली उघडून तपासली, साखर १६ उरली आहे. नवं यीस्ट आणि थोडी साखर घालून परत बूच मारू का?

गाळवाला
साखर अजिबात घालू नका. ४ ग्रॅमला साधारण १ बार धरतात, म्हणजे ८ खाल्ली आणि २ बार आला, तुमचा हिशोब जुळतोय. गळती नाही, यीस्टच बसलंय. आणखी २४ घालून ते नंतर जागं झालं तर १० बारच्या वर जाईल. काच फुटते, आणि एक फुटली की शेजारच्याही जातात.

खरा घोळ सल्फरचा. पीएच ३.०५ ला २८ पैकी दीड मिग्रॅ रेण्वीय रूपात, म्हणजे जंतू आणि यीस्टला खरा मारक असलेल्या रूपात, असतं. जंतू रोखायला ०.८ पुरतं, मग यीस्टचं काय होणार! हेच २८ पीएच ३.३ ला त्या दीडच्या निम्म्याच्या जरा वर भरलं असतं. त्यात अल्कोहोल १२.२, स्पार्कलिंगसाठी द्राक्ष १०.५-११% अल्कोहोल होईल इतक्याच गोडीला तोडायला हवं होतं.

आधी फुकटचा उपाय: बाटल्या उलट्यापालट्या करून गाळ पूर्ण हलवा, खोली १७ अंशांवर न्या. दाबमापक टोचलेली बाटली तशीच ठेवून दर आठवड्याला आकडा लिहा. हातमोजे आणि तोंडावर जाळी हवीच. तीन आठवड्यांत अर्धा बारही चढला नाही तर पुढचं.

कासारखेडा
पुढचं असं. बाटल्या ० अंशाला थंड करून सगळं टाकीत ओता. गॅस जाणार, त्याला इलाज नाही. हवा लागल्याने सल्फर थोडा उतरतो. १५ च्या खाली आला की मगच यीस्ट. हायड्रोजन पेरॉक्साइडने सल्फर मारायची युक्ती कोणी सांगेल, ती सेंद्रियात बसत नाही.

विरजण (आधी वेगळं जागं केलेलं यीस्ट) ४५० लिटरला १४ लिटर: ९० ग्रॅम यीस्ट १ लिटर ३८ अंशांच्या पाण्यात २० मिनिटं. मग ४ लिटर वाइन, ४ लिटर पाणी, ४०० ग्रॅम साखर, २० अंश. दिवसातून दोनदा ढवळून हवा द्या. साखर निम्मी झाली की १४ लिटर पुरे करायला उरलेली ५ लिटर वाइन थोडी थोडी, तीन दिवसांत, आणि तापमान १५ वर आणत. यीस्टला अल्कोहोलची सवय इथेच लागते. भरताना टाकी सतत ढवळत राहा, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या पेट्यांत यीस्ट वेगळं पडतं.

द्राक्षबाग (प्रश्नकर्ता)
मग साखर १६ वरून परत २४ करू का?

कासारखेडा
नको. अल्कोहोल आधीच १२.७ च्या घरात गेलंय. आहे त्या १६ वर ४ बार मिळतील. युरोपात दर्जेदार स्पार्कलिंगला २० अंशाला किमान ३.५ बार लागतात, तुम्ही त्यावर आहात.

गाळवाला
आणि २ बारवरच 'हलकी फेसाळ' म्हणून विकायचा मोह टाळा. १६ ग्रॅम साखर आणि जिवंत यीस्ट आत असलेली बाटली एप्रिलमध्ये कुणाच्या गाडीत राहिली, तर ती तिथेच आंबेल.