दाराला कोणीतरी पाटी टांगली आहे, मदत हवी (तातडीची)

गोंधळलेला_गण्या:
नमस्कार मंडळी. ऑफिसातून आलो तर दाराच्या मुठीला लाकडी पाटी लटकलेली. काल आमटीला लसणाची फोडणी दिली होती, धूर जिन्यात गेला. तक्रार असेल का? घरमालक फोन उचलत नाहीये. काढून फेकू का? लवकर सांगा.

चिऊताई:
पाटीवर लिहिलंय काय? आणि गाव कुठलं?

फिरस्ता_६७:
फोडणीचंच आहे हे. आम्ही म्युनिकला मोहरी टाकायच्या आधी खिडकी उघडायचो, पंधरा वर्षांत एक तक्रार नाही. कार्बन फिल्टरवाली चिमणी घ्या.

गोंधळलेला_गण्या:
खिडकी उघडीच होती हो. जर्मनीत आहे, तीन आठवडे झाले. पाटीवर एकच शब्द, 'केरवोखे'.

चिऊताई:
अहो मग स्टुटगार्ट म्हणा की आधी! नावातच केर आहे, वोखे म्हणजे आठवडा. या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. तुमच्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंत पायऱ्या झाडायच्या, ओल्या फडक्याने पुसायच्या, कठडासुद्धा. ही छोटी पाळी. मोठीत फुटपाथ, तळघर आणि थंडीत बर्फही आला.

कलम_बहाद्दर:
काही झाडू नका. १९८८ मध्ये, मॅनफ्रेड रोमेल महापौर असताना, स्टुटगार्ट पालिकेने ही सक्ती काढून टाकली.

चिऊताई:
पालिकेची काढली, भाडेकरारातली नाही. गण्या, करारामागे हाउसऑर्डनुंग, म्हणजे इमारतीची नियमावली जोडलेली असेल, ती वाचा.

नेकरकाठी:
आधी नेबेनकोस्टेनमध्ये, म्हणजे भाड्यावरच्या इतर खर्चांत, जिना सफाईचे पैसे लावलेत का बघ. लावले असतील तर घरमालकाला विचार, पैसे देऊन वर झाडायचं कशाला?

फिरस्ता_६७:
आमच्या म्युनिकला असलं काही नव्हतं.

चिऊताई:
काका, म्युनिक बव्हेरियात. ही श्वाबी, म्हणजे स्टुटगार्टकडच्या लोकांची रीत.

नवा_पाहुणा:
घरात टीव्ही नसला तरी रेडिओ-टीव्हीची वर्गणी म्हणून घरटी महिना १८.३६ युरो भरावे लागतात. ते पत्र आलं तर कचऱ्यात टाकू नका.

गोंधळलेला_गण्या:
हे कोणी विचारलं??

गिरगावचा_बाळू:
मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. बहिणीने ती पाटी आमच्या चाळीला पाठवावी. दुसऱ्या मजल्यावरचे गेली चार वर्षं 'उद्या झाडतो' म्हणताहेत.

गोंधळलेला_गण्या:
करार काढला. आहे, शेवटच्या पानावर. सफाईचे पैसे लावलेले नाहीत. झाडून घेतलं, मोजे काढून, पँट दुमडून पुसलं. समोरच्या आजी दार किलकिलं करून बघत होत्या. झाल्यावर बाहेर आल्या, कठड्याच्या शेवटच्या गजामागून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट माझ्यासमोर धरलं. पुन्हा पुसलं. मग 'पास्ट' म्हणाल्या नि दार लावून घेतलं. चिडल्यात का?

चिऊताई:
'पास्ट' म्हणजे ठीक आहे. श्वाबी माणूस ओरडला नाही म्हणजे कौतुकच केलं समजा.

गोंधळलेला_गण्या:
हुश्श. आता पाटी कोणाकडे द्यायची?

नेकरकाठी:
मजल्यावर घरं किती ते सांग.

गोंधळलेला_गण्या:
दोनच, मी आणि आजी.

चिऊताई:
मग काय विचारता! रविवारी रात्री आजींच्या मुठीला अडकवा. बेल वाजवू नका.

फिरस्ता_६७:
चिमणीचं काय ठरलं?