ब्रिटिश छोटे विनोदपट: ‘वेडगळ पण गोड’ माणसाचं बिल भरतं कोण?

रविवारचा_पेपर (धागाकर्ता)
परवा ‘द बॅलड ऑफ वॉलिस आयलंड’ (२०२५) दुसऱ्यांदा बघितला. पहिल्या वेळी डोळे पुसत उठलो होतो, या वेळी चिडलो. (पुढे गोष्ट फुटणार आहे. बघायचा राहिला असेल तर इथूनच परत फिरा.)

आडबाजूच्या बेटावर चार्ल्स नावाचा विधुर एकटा राहतो. याला लॉटरी लागलीय, तीही दोनदा. हर्ब आणि नेल ही त्याची आणि गेलेल्या बायकोची लाडकी गायक जोडी, जी कधीच फुटलीय. हा हर्बला पाच लाख पौंडांवर कार्यक्रमाला बोलावतो. ‘श्रोते शंभरच्या आत असतील,’ एवढंच कळवलेलं. बेटावर पोचल्यावर कळतं, श्रोता एकच, आणि नेललाही आवतण गेलंय.

चार्ल्सचं तोंड म्हणून मिटत नाही. हर्ब होडीतून उतरताना पाण्यात पडतो, निथळत उभा राहतो, आणि याला सुचतं काय? अभिनेत्री डेम ज्युडी डेंचच्या नावावर ‘ड्रेंच्ड’ (म्हणजे चिंब भिजलेली) अशी कोटी! लग्नाच्या पंगतीत असा एक काका असतोच, आणि त्याच्या शेजारचं पान रिकामं राहतं. चार्ल्सशेजारी हर्ब बसतो, कारण पाच लाख. हे सिनेमे म्हणतात, विक्षिप्त माणसावर प्रेम करा. मला दिसतं ते असं की विक्षिप्त माणूस खर्च उचलतो, म्हणून लोक त्याला सहन करतात. पटत नसेल तर बोला.

केळफूल
नाही पटत. तुम्ही जे पकडलंय म्हणताय तेच सिनेमा स्वतः सांगतोय की. पैशाने चार्ल्स हर्बला आणतो, नेललाही आणतो, पण जोडी काही जुळत नाही. नेल तर नवऱ्याला घेऊन आलेली, आणि कार्यक्रमाआधीच निघून जाते. शेवटी किनाऱ्यावर हर्ब जे गातो त्यात करार कुठे उरलाय?

आणि अभिनय बघा हो जरा. चार्ल्स झालेला टिम की, हर्ब झालेला टॉम बेसडेन आणि दिग्दर्शक जेम्स ग्रिफिथ्स यांनी याच गोष्टीचा लघुपट २००७ साली केला होता. मधली अठरा वर्षं दोघांच्या चेहऱ्यावर आयती उतरलीत. मोठा सिनेमा अवघ्या अठरा दिवसांत उरकला, तरी ती वर्षं दिसतात. चार्ल्स इतका का बोलतो, हे त्या घरातली शांतता ऐकली की कळतं. गप्प बसला तर बायको आठवणार.

भंगारवाला_नाशिक
धागाकर्ते, उदाहरण सोयीचं निवडलंत. ‘ब्रायन अँड चार्ल्स’ (२०२२) घ्या. उत्तर वेल्समधलं खेडं, ब्रायनच्या खिशात दमडी नाही. भंगारातून कुणाच्याही उपयोगी न पडणाऱ्या वस्तू जोडत बसतो. एके दिवशी वॉशिंग मशीनचं धड, कापडदुकानातल्या पुतळ्याचं डोकं, आणि सातेक फुटी यंत्रमानव तयार, तोच हा दुसरा चार्ल्स. तो कोबी खातो आणि होनोलुलूला जायचंय म्हणून शेंबड्या पोरासारखा हट्ट करतो.

यात कॉम्प्युटरची करामत शोधू नका. त्या खोक्यात सहलेखक ख्रिस हेवर्ड स्वतः शिरलाय. खोकं चालताना अडखळतं, खांद्यावरून कार्डिगन घसरतं, आणि दहा मिनिटांत तुम्ही त्याला ‘तो’ म्हणायला लागता. कोणी कोणाला पैसे दिले इथे?

रविवारचा_पेपर
ब्रायन कफल्लक आहे, मान्य. पण भाऊ, त्याला दोस्त हवा होता तर तो मशीनमधून काढावा लागला! गावातल्या हाडामांसाच्या लोकांनी काय दिलं? गुंडाचं कुटुंब तर तो यंत्रमानवही उचलून नेतं. आणि खवचटपणा म्हणा हवं तर, पण त्या सिनेमामागे बीएफआय (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) आहे, आणि बीएफआय सिनेमांना पैसा देते तो नॅशनल लॉटरीचा. लॉटरी इथेही आलीच. :)

सायली_
तुमचं पुरुषांचं भांडण संपलं की सांगा. वॉलिस आयलंडवर दुकान चालवणारी अमांडा आहे. ब्रायनच्या गावात हेझल आहे, त्याच्याइतकीच बुजरी. पण भंगारातून काहीतरी भन्नाट उभं करायची संधी लेखक तिला देत नाहीत. ही बाई काउंटरमागे किंवा रस्त्याकडेला थांबलेली असते, नायक माणसात आला की त्याला मिळायला.

‘राय लेन’ (२०२३) त्याला अपवाद. दक्षिण लंडनमधल्या पेकहॅमला एका प्रदर्शनाच्या संडासात बंद दाराआड डॉम रडतोय, आणि पलीकडून यास नावाची मुलगी त्याच्याशी बोलायला लागते. तीही सरळ नाही, थापा मारते. तरी गोष्ट दोघांची राहते. मला तर वेल्सच्या पावसापेक्षा तो रंगीबेरंगी बाजारच जास्त आवडला. (कॉलिन फर्थ बरिटो विकताना दिसतो. चुकवू नका.)

ग्लासगोकर
अकरा वर्षं इथे आहे, म्हणून राहवत नाही. सगळे दिग्दर्शक बिल फर्साइथचा ‘ग्रेगरीज गर्ल’ (१९८१) कसा विसरलात? आमच्याजवळच्या कंबरनॉल्डमध्ये घडतो. फुटबॉल टीममध्ये डोरोथी नावाची मुलगी येते, बेंगरूळ ग्रेगरी तिच्यावर भाळतो आणि शेवटी मुली आपसात ठरवून त्याला सुझनकडे पोचवतात. सायलीताई, इथे ‘मिळतो’ तो मुलगा.

आणि रविवारचे साहेब, तुमच्या बिलावर माझं उत्तर म्हणजे पेंग्विन. शाळेच्या व्हरांड्यातून पेंग्विनचा पोशाख घातलेलं एक पोर चालत जातं. कोण, कशाला, याचा खुलासा नाही. शिक्षक त्याला अमुक खोलीकडे जा म्हणून वाट दाखवतात, तिथून ते आणखी कुठे. कुणी हसत नाही, कुणी हटकत नाही. आमच्या नगरपालिकेच्या शाळेत असा कोणी आला असता तर हेडमास्तरांनी आधी छडी काढली असती. अख्खी शाळा त्याला मुकाट सामावून घेते आणि एक पेनीही खर्च होत नाही.

केळफूल
पेंग्विनला +१. धागाकर्ते, आता?

रविवारचा_पेपर
पेंग्विन भारी आहे, कबूल. पण ‘सामावून घेते’ म्हणताय ते मला ‘पुढच्या वर्गाकडे पिटाळते’ असं वाटतंय. सरकारी कचेरीत आपलं होतं तसंच की! सौजन्य पुरेपूर, पण बस म्हणणारा कोणी नाही. आज रात्री पुन्हा लावतो. त्या पोराला त्याची खोली सापडते का, एवढंच बघायचंय.